लॅबमध्ये आलेलं पीक

आमच्या लॅबमध्ये तपासून झालेला नमुना लगेच फेकत नाहीत. उद्या कोणी भांडायला आलं तर पुन्हा तपासता यावा म्हणून चिठ्ठी लावून डीप फ्रीजरमध्ये टाकतात. त्यामुळे फ्रीजर उघडला की कुणाची द्राक्षं, कुणाची मिरची पूड, कुणाच्या म्हशीचं दूध, सगळं एकमेकांच्या उरावर बसलेलं दिसतं. माझ्या डोक्यात किस्स्यांचं तसंच झालंय. फ्रीजर निदान मुदत संपली की रिकामा करता येतो. डोकं कोण रिकामं करणार?

म्हणून सांगून टाकते. शेवटचा किस्सा आमच्या घरचा आहे. तो आधी सांगून उपयोग नाही, बाकीचे ऐकल्याशिवाय तो कळणारच नाही. तोवर एवढंच लक्षात ठेवा, की माझ्या आईचे गुडघे दुखतात आणि ती आमच्या गावातल्या तात्या वैद्यांची पुडी घेते. झाडपाल्याची. 'शुद्ध.'

*

मी बी.एस्सी. केमिस्ट्री अर्धवट सोडली. नातेवाइकांत सांगतात, "पल्लवीला झेपलं नाही." खरं कारण ऐका.

आमच्या कॉलेजात क्रोमॅटोग्राफीचं मशीन होतं. 'होतं' म्हणजे उभं होतं. लाल मखमली कापडाखाली. वर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी वाळलेला नारळ. खंडेनवमीला कापड निघायचं, झेंडूची माळ पडायची, आरती व्हायची, पुन्हा कापड. अभ्यासक्रमात त्या मशीनवर प्रॅक्टिकल होतं. ते आम्ही कसं केलं? मागच्या बॅचच्या जर्नलमधून ग्राफ छापून काढला! मागच्या बॅचने त्यांच्या मागच्या बॅचकडून. आमच्या डिपार्टमेंटमधल्या सगळ्या पिढ्यांनी एकच गोळी तपासली आणि सगळ्यांचं उत्तर दशांशापर्यंत एकच आलं. कुणालाच नवल वाटलं नाही!

मी एकदा विचारलं, "सर, हे चालू कधी करायचं?"

विभागप्रमुख म्हणाले, "तपासणी समिती येते तेव्हा."

समिती आली. सरांनी स्वतः कापड काढलं, बटण दाबलं, स्क्रीन उजळली. समितीतले एक पांढरे केसवाले प्राध्यापक पुढे झाले. मला वाटलं, आता हे विचारणार, की याच्यावर काय काय तपासता?

त्यांनी मशीनला वाकून नमस्कार केला आणि पुढच्या खोलीत गेले!

त्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं.

*

आता आहे ती लॅब श्रीरामपूरजवळ एका शेडमध्ये आहे. मालक त्रिभुवन सर. कधी हसलेले कोणी बघितले नाहीत. मशीन चालवतात शबाना मॅडम. मी फळं कुटते, मिक्सरला लावते, गाळते, बोटाएवढ्या काचेच्या बाटल्यांत भरून मॅडमच्या हातात देते.

मशीन काय करतं ते सरांनी मला पहिल्या दिवशी पाच वाक्यांत सांगितलं. कॉलेजात दोन वर्षांत कोणाला जमलं नव्हतं.

म्हणाले, "शिर्डीची दर्शनबारी बघितलीस ना? आत सगळे बरोबरच घुसतात. पण एखादी मावशी प्रत्येक खांबाला टेकते, प्रत्येक फोटोला हात जोडते, आणि एखादा पोरगा कुणाकडे न बघता सटकतो. बाहेरच्या दारात ज्याची त्याची वेळ वेगळी. आपल्या मशीनमधली नळी म्हणजे ती बारी."

झालं! त्या नळीला कॉलम म्हणतात. द्राक्षाच्या रसात साखर, आंबट, रंग, फवारलेलं औषध, जे असेल ते सगळं एकदम आत ढकलायचं. ज्याला कॉलमचा लळा जास्त, तो रेंगाळत बाहेर येतो. कोण किती वेळाने येणार हे ठरलेलं असतं. दारात डिटेक्टर बसलेला. कुणी बाहेर आलं की तो स्क्रीनवरच्या सपाट रेघेला एक टोक काढतो. माल जास्त तर टोक मोठं. काहीच नसेल तर रेघ सपाट.

त्या टोकाला इंग्रजीत म्हणतात पीक. आणि आम्ही बसलोय नगर जिल्ह्यात!

*

कोपरगावकडचे एक द्राक्षवाले काका. माल परदेशी पाठवायचा म्हणून नमुना दिलेला. त्यांचा फोन मी घेतला. मी नवीन होते, जे स्क्रीनवर दिसलं ते सांगितलं.

"काका, तुमच्यात चार पिकं आलीत."

"चार? पोरी, मी तर येकच लावल्यालं. द्राक्ष!"

"नाही काका, चार आहेत. आणि एक तर एवढं उंच आलंय, कागदात मावत नाही."

काका म्हणाले, "आगं, साईबाबाचीच कृपा म्हनायची!"

दुपारी काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. सगळ्यांना वाटून झाले. मग सरांनी त्यांना आत बसवलं आणि ते न मावणारं पीक कसलं ते सांगितलं. कीटकनाशकाचं. परदेशी चालत नाही, माल परत येतो.

काका उभेच राहिले. "मी ह्ये मारल्यालंच न्हाई! आईची आन! मी निसतं टॉनिक मारलं. सेंद्रिय. दुकानदार आमचाच पावना हाय, त्यो म्हनला, समुद्रातल्या शेवाळाचं हाय, लेकराला पाजलं तरी चालंल!"

सरांनी टॉनिकची बाटली मागवली. तपासली. तेच पीक, त्याच मिनिटाला. शेवाळाला कीड मारायची अक्कल कुठून येणार? कुणीतरी आत घातल्याशिवाय?

मी पहिल्यांदाच असं काही बघत होते. बाटलीवर हिरवं पान, 'नैसर्गिक' असा शिक्का, आणि आत हे! मला वाटलं काका आता दुकानदाराच्या नावाने बोंब मारतील. पण ते शबाना मॅडमच्या टेबलापाशी गेले, बॉक्सकडे बोट केलं आणि म्हणाले,

"मंग उरल्यालं पेढं तरी माघारी द्या."

*

एका गावचे माजी सरपंच विहिरीचं पाणी घेऊन आले. गावात कुणी म्हणालं, कारखान्याच्या मळीचा वास येतोय, कुणी म्हणालं, नाही. सरपंच पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात उपरणं, मागे दोन माणसं. मला म्हणाले, "ए पोरी, च्या सांग." मी म्हटलं, "चहाची टपरी बाहेर आहे, मी नमुने घेते." त्यांना ते आवडलं नाही. मला त्यांचं 'ए पोरी' आवडलं नव्हतं, फिटंफाट.

पाणी मशीनवर लावलं. मळीबिळी राहिली बाजूला, तणनाशकाचं असलं राक्षसासारखं पीक आलं की शबाना मॅडम खुर्चीवरून उठल्या. "अगं, हे विहिरीचं पाणी आहे की औषधाचा डबा?"

मी नमुना आलेला कॅन उचलून बघितला. पांढरा, पाच लिटरचा. लेबल खरवडलेलं, पण अर्धं उरलेलं. विषारी औषधांवर छापतात त्या पिवळ्या चौकोनाचा कोपरा दिसत होता.

सरांनी सरपंचांना बोलावलं. "हा कॅन तणनाशकाचा आहे! यात आणलेलं पाणी तपासून काय उपयोग? नमुना बाद. काचेच्या स्वच्छ बाटलीत पुन्हा आणा."

सरपंच चिडले. "बाद कसा? स्वोच्छ धुतल्याला हाय. तीनदा धुतला, निरम्यानं!"

"धुतला तरी प्लॅस्टिकमध्ये मुरतं ते."

"काय मुरतं न्हाई! आवो, आमच्या रानात समद्या गड्यांचं प्यायचं पानी ह्यातच असतं! चार वरसं झाली, कुनाला काय झालंय का?"

मागच्या दोन माणसांनी एकमेकांकडे बघितलं. सरपंच त्यांच्याकडे वळून म्हणाले, "काय रं? झालंय का काय?"

त्यातला एक हळूच बोलला, "न्हाई. पन तुमी घरून थर्मास आनता."

*

एक हळद-मिरचीचे व्यापारी. मिरची पुडीत कापडाला लावायचा रंग निघाला. लालभडक पीक, म्हणजे पीक काळंच असतं, पण रंग तो लाल. गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बेटा, ते टोक जरा खाली घेता येईल का? मी तुझ्या वडलांच्या वयाचा आहे."

मी म्हटलं, "काका, मशीनला वय कळत नाही."

ते म्हणाले, "मग ज्याला कळतं अशी एखादी लॅब सांग!"

*

एक गुलकंदवाले नमुना घेऊन आले. पोटाला थंड, बाळंतिणीला चांगला, असं त्यांच्या बरणीवर लिहिलेलं. आणि आमच्या स्क्रीनवर टोकांची अशी रांग, जसे करवतीचे दात! गुलकंदवाले खरंच हादरले. साखर त्यांची, उन्हात ठेवायची बरणी त्यांची, हात त्यांचे. राहिला गुलाब. तो शिर्डीला फुलं घालणाऱ्या एका बागायतदाराकडून यायचा.

त्यांनी आमच्यासमोरच स्पीकर लावून त्याला फोन केला. "आबा, गुलाबावर काय काय मारता वो?"

"जे मिळंल ते. का?"

"आवो, असं काय करता? लोकं खात्यात!"

"गुलाब? कोन खातंय गुलाब? माझं फूल देवाला जातं!"

"देवाला गेलं म्हणून काय झालं?"

आबा तिकडून अगदी शांतपणे म्हणाले, "देवाला काय व्हतंय?"

*

आता ब्लँकचा किस्सा. हा नीट ऐका.

पेरूत औषध किती आहे ते मोजायचं तर आधी एक असा पेरू लागतो, ज्यात औषध अजिबात नाही. त्याला म्हणतात ब्लँक. पेरूचं स्वतःचंही काही ना काही बाहेर येतंच. मग स्क्रीनवरचं टोक पेरूचं की औषधाचं हे कसं ठरवणार? कोरा पेरू आधी लावायचा, त्याची रेघ बघायची, मग संशयित पेरू लावायचा. दोन रेघांत जो फरक, तो औषधाचा. ब्लँक नसेल तर सर रिपोर्टवर सहीच करत नाहीत.

तर सरांनी मला सांगितलं, "राहात्याला जा, एक कोरा पेरू आण."

मला वाटलं, किती सोपं काम! राहात्याचा पेरू, काय कमी आहे? रस्त्याच्या कडेला ढीग. मी पिशवी भरून आणली. सगळ्यांत निघालं. पुन्हा गेले, दुसऱ्या वाडीवरून आणले. निघालं. 'सेंद्रिय' पाटी लावलेल्या बागेतून आणले. त्यात तर जास्तच निघालं! शबाना मॅडम म्हणाल्या, "पल्लवी, राहू दे बाई. या जिल्ह्यात ब्लँक म्हणजे माझ्या सासूची शाबासकी."

शेवटी मी वैतागून एका म्हाताऱ्या बागायतदाराला बांधावरच सांगितलं, "बाबा, मला औषध न मारलेला एक पेरू पाहिजे. एकच. सगळा जिल्हा पालथा घातला."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चुलीपाशी बसून विस्तव कुठे मिळेल विचारतेय.

"मंग तसं सांग की! घरचा पायजे व्हय तुला?"

आणि मला घेऊन गेले बागेच्या टोकाला, गोठ्यामागे. तिथे एकच झाड, पेरूंवर डाग, कुठे कुठे पाखरांनी चोचलेले. "ह्ये घरचं. ह्याला कायबी मारीत न्हाई. आमची नातवंडं खात्यात ना."

मी म्हटलं, "आणि ती बाग?"

"ती बाजाराची."

एवढ्या सहज! लाज नाही, लपवाछपवी नाही. आपला शर्ट आणि पाहुण्याचा शर्ट वेगळ्या खुंटीला टांगावा तसं. मी तिथेच उभी राहिले, पेरू हातात घेऊन. मग मला कळलं, की आमच्याकडे लहानपणापासून मेथीचा एक वाफा वेगळा असतो. वांग्याची एक ओळ वेगळी असते. तिला आम्हीसुद्धा 'घरची ओळ' म्हणतो. आणि मी ती भाजी रोज खाऊन मोठी झाले, एकदाही विचारलं नाही की बाकीच्या ओळी कुणाच्या!

तो पेरू लावला. औषधांच्या सगळ्या जागी रेघ सपाट. सरांनी सही केली आणि पहिल्यांदा जरासं हसल्यासारखं केलं.

"लिहून ठेव," म्हणाले. "या भागात ब्लँक पाहिजे असेल तर बागेत नाही शोधायचा. घरात शोधायचा."

*

आता आमच्या घरचं.

आईची तब्येत सुधारली. असं सगळं गाव म्हणायला लागलं! गाल वर आले, तोंड पुनवेच्या चांदोबासारखं गोल झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय वो वैनी, लग्नातबी येवढं तेज न्हवतं!" गुडघे तर असे थांबले दुखायचे, की आई पुन्हा खुरपायला बसू लागली. अण्णा, म्हणजे माझे वडील, ज्याला त्याला सांगायचे, "तात्यांचा हात! श्रीरामपूरच्या डॉक्टरांना जमलं न्हाई ते तात्यांच्या पुडीनं केलं."

तात्या आणि अण्णा शाळेपासूनचे दोस्त. तात्यांच्या ओसरीवर सकाळपासून पेशंट बसलेले असतात, लांबलांबून येतात. पण आई गेली की तात्या आतून आवाज देतात, "वैनींना आत येऊ द्या. त्या घरच्याच हायेत." या एका वाक्यावर आमच्या अण्णांची छाती दोन दिवस फुगलेली राहायची.

मला मात्र दिसत होतं, की तोंड भरतंय आणि दंड सुकतायत. दाराची कडी लागली तरी हातावर निळा डाग पडत होता. मी म्हटलं, "हे तेज नाही, सूज आहे!" तर अण्णा म्हणाले, "कॉलेज सुटलं तुझं, आन् शानपना काय सुटंना!"

एकदा चक्कर आली म्हणून तिला श्रीरामपूरला नेलं. डॉक्टर मॅडमनी गाल दाबून बघितला, रक्तातली साखर बघितली आणि विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?"

आई म्हणाली, "गोळ्या न्हाई वो. झाडपाल्याची पुडी हाय."

"झाडपाल्याने असं तोंड सुजत नाही. यात स्टेरॉइड असणार. पण असणार म्हणून मी उपचार कसे ठरवू? काय आहे ते तपासून आणा. आणि एक ऐका, एकदम बंद करू नका! स्टेरॉइड असेल आणि अचानक तोडलं तर माणूस जाऊ शकतो. मला कळू दे, मग मी हळूहळू उतरवते."

म्हणजे बघा. घेतली तरी मरण, सोडली तरी मरण, आणि त्यात काय आहे ते माहीत असलेला एकच माणूस, जो तिला 'घरची' म्हणतो! आई सगळं ऐकून पुडीची पिशवी पदराखाली घेऊन बसली होती. परत येताना अण्णा गाडीवर म्हणाले, "डॉक्टरीनबाय नवीन दिसती."

मी एक पुडी उचलली आणि लॅबला आणली.

शबाना मॅडमनी आधी शुद्ध स्टेरॉइड लावलं. ठरलेल्या मिनिटाला टोक आलं. मग आईची पुडी लावली. आम्ही दोघी स्क्रीनसमोर. आधी बारीकसारीक टोकं येऊन गेली, सुंठीची, कसल्याकसल्या पाल्यांची. मग थोडी सपाट रेघ. मला वाटलं, सुटलो. मला खरंच वाटलं, अण्णा बरोबर निघाले तर बरं होईल. आयुष्यात एकदा तरी निघू देत.

ते मिनिट आलं आणि रेघ वर गेली. वरच जात राहिली.

"या अल्लाह," मॅडम म्हणाल्या. इतक्या लोकांना मी "तुमच्यात पीक आलंय" असं सांगितलं होतं. आपल्या घरात येतं तेव्हा ते कसं ऐकायचं, हे मला माहीत नव्हतं.

सरांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला. "ब्लँक कुठाय?"

"सर!"

"पल्लवी, चूर्णात पन्नास पाले असतात. एखाद्या पाल्याचंच टोक तिथं येत असेल तर? डॉक्टर हेच विचारणार, उद्या वैद्य हेच म्हणणार. हीच पावडर पाहिजे, पण यातलं ते न घातलेली. तेवढी आण, मी सही करतो."

"म्हणजे ज्याने घातलंय त्याच्याकडे जाऊन, न घातलेली द्या म्हणू?"

सरांनी सही न करताच कागद माझ्याकडे सरकवला.

घरी येऊन मी अण्णांसमोर सगळं ओतलं. ते ताटावरून उठले. "तात्यावर संशय? आगं, तुझ्या जन्माच्या आधीपासून त्यो मानूस गावाला औषध देतोय! तुझ्या मशीनचं काय सांगती, बटन दाबलं की कायबी दाखवील! आन् तू कोन? साधी बी.एस्सी. न्हाई झाली तुझ्याच्यानं, आन् वैद्याला शिकवती!"

मी म्हटलं, "मग आणा दुसरी पुडी. तुमच्या हाताने आणा."

"आनतोच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः तात्यांकडे गेले. परत आले तेव्हा चालणंच वेगळं होतं. वर्तमानपत्रात बांधलेली पुडी माझ्यासमोर ठेवली आणि आईला हाक मारली, "आगं ये, ऐक! ऐक तात्या काय मानूस हाय ते! मी म्हनलं, तात्या, राग मानू नका, पोरगी पुडी तपासायची म्हनती. येक शब्द बोलला न्हाई त्यो मानूस. आत गेला. सोयंपाकघरात. शांतावैनी गुडघ्याला रोज घेत्यात ना, त्यांच्या डब्यातली पुडी बांधून आनली! आपल्या बायकोच्या तोंडातली! म्हनला, 'तपासायचीच आसंल तर ही ने. ही घरची हाय.'"

अण्णांचे डोळे भरून आले होते. माझ्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

पुडी लॅबला नेली. तोच रंग, तोच वास, जिभेला तीच सुंठ. शबाना मॅडमनी लावली. सुंठीचं टोक आलं, बरोबर त्याच जागी. पाल्यांची टोकं आली, एकूणएक तीच. मग ते मिनिट आलं.

रेघ सपाट.

गेलं ते मिनिट. पुढचं गेलं. सपाट! मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिळाला गं तुझा ब्लँक." सरांनी पेन काढलं आणि दोन्ही कागदांवर सही केली.

संध्याकाळी मी दोन्ही कागद ओट्यावर ठेवले. अण्णांनी आधी त्यांच्या पुडीचा विचारला.

"हा? यात काय निघालं?"

"काही नाही."

"काय न्हाई ना? बघ! म्हनलं न्हवतं मी? म्हनलं न्हवतं?" ते टाळी द्यायला आईकडे वळले.

आईने दोन्ही कागद उचलले होते. तिला त्यातलं वाचता येत नाही. पण साडीच्या दोन काठांची नक्षी जुळते का बघावी तसे तिने ते एकावर एक धरले, दिव्याकडे केले आणि बोट फिरवत गेली. टोकाला टोक, टोकाला टोक. एका जागी बोट थांबलं.

"ही कुनाची?"

"शांताकाकूंची."

"आन् ही?"

"तुझी."

अण्णांचा हात तसाच वर राहिलेला. आईने कागद खाली ठेवले, आपल्या गालाला हात लावला, दुसऱ्या कुणाचा गाल चाचपावा तसा, आणि अण्णांना विचारलं,

"आवो, पन मी तर घरचीच हाय ना?"